स्टँडर्ड इनपुटवरील माउंट : दोषशोधाची पूर्वपीठिका

नवी मुंबईत खारघर येथे सी-डॅकचे जे केंद्र आहे, त्याचा वारसा नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या १९८५ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या संस्थेपर्यंत पोहोचतो. ही संस्था पुढे सी-डॅकमध्ये विलीन झाली. १९८६ मध्ये आरंभ झालेल्या अर्नेट योजनेत तिचा सहभाग होता आणि तिची आरंभीची टपालसेवा यूयूसीपी पद्धतीने टेलिफोनवरून चाले. या पद्धतीत एक संगणक दुसऱ्यावर माणसाप्रमाणेच लॉगिन करी. मात्र तेथे शेलऐवजी एक विशिष्ट प्रोग्रॅम सुरू होऊन स्टँडर्ड इनपुटवर वाची व स्टँडर्ड आउटपुटवर उत्तर देई. माणसासाठीचे शब्द आणि यंत्रासाठीची माहिती अशी एकाच मार्गाने जात असे.

या एकमार्गीपणातील धोका युनिक्सच्या कर्त्यांना आधीच जाणवला होता. १९७३ मध्ये पाइपची सोय झाल्यावर एका प्रोग्रॅमचे आउटपुट दुसऱ्याचे इनपुट होऊ लागले. परंतु चुकांच्या सूचनाही त्याच प्रवाहात मिसळत. फोटो-टाइपसेटरवर त्या सूचनाच छापल्या जाऊन श्रम वाया गेले, तेव्हा त्यांच्यासाठी स्टँडर्ड एरर हा तिसरा मार्ग निर्माण करण्यात आला.

१९८० नंतरच्या दशकात सन मायक्रोसिस्टिम्सच्या एनएफएसने दूरच्या फाइली जवळच्या भासविल्या. पण माउंट करण्याचा अधिकार सामान्यतः व्यवस्थापकाकडेच राहिला. २००५ मध्ये लिनक्सच्या २.६.१४ या आवृत्तीत मिक्लोश सेरेदी यांचे फ्यूज समाविष्ट झाले आणि हा अधिकार सामान्य वापरकर्त्यासही लाभला. त्यांच्याच एसएसएचएफएसमध्ये एक उलटा प्रकार संभवतो. दूरच्या यंत्राला जवळच्या यंत्रावरील फाइली हव्या असतात, पण त्याला इकडे जोडणी करता येत नाही. अशा वेळी जवळ एसएफटीपी-सर्व्हर व दूर एसएसएचएफएस चालवून एकाचे आउटपुट दुसऱ्याच्या इनपुटला जोडतात. या पर्यायाला प्रथम ‘स्लेव्ह’ व पुढे ‘पॅसिव्ह’ असे नाव मिळाले.

येथे जुनाच दोष नव्या रूपाने प्रकटतो. एसएफटीपीच्या प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. दूरच्या शेलच्या आरंभ-फाइलीने ‘वेलकम’ हा शब्द रोमन लिपीत छापला, तर त्याची पहिली चार अक्षरे १,४६,६२,६४,६७५ ही लांबी म्हणून वाचली जातात. ओपनएसएसएचच्या सर्व्हरची मर्यादा २,६२,१४४ बाइट असल्याने तो संदेश सदोष ठरवून थांबतो. वापरकर्त्यास मात्र माउंट झाले नाही, एवढेच दिसते. आभासी टर्मिनल मागितल्यास बाइटांचे रूपांतर होऊनही असाच बिघाड होतो. प्रोग्रॅम पार्श्वभूमीत गेल्यास त्याचे इनपुट सुटेल, म्हणून या प्रकारात एसएसएचएफएस स्वतःस अग्रभूमीतच ठेवते.

यावरून दोषशोधाचा क्रम निश्चित होतो. प्रथम दूरच्या यंत्रावर काहीही न करणारी आज्ञा चालवावी. तिच्या आउटपुटमध्ये एकही बाइट येता कामा नये. नंतर डीबगच्या नोंदी स्टँडर्ड एररवर पाहाव्यात. चालू माउंटचा प्रवाह तुटून ‘ट्रान्सपोर्ट एंडपॉइंट इज नॉट कनेक्टेड’ असे उत्तर आल्यास जुने माउंट फ्यूजरमाउंटने सोडवून मगच पुन्हा यत्न करावा.

माउंट करण्याचा अधिकार व्यवस्थापकाकडून वापरकर्त्याकडे आला, त्याबरोबर मार्ग निःशब्द राखण्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली. यूयूसीपीच्या काळात जे ज्ञान व्यवस्थापकापुरते मर्यादित होते, ते आज स्वतःच्या फाइली स्वतः जोडणाऱ्या प्रत्येक संशोधकास आवश्यक झाले आहे.