एका राजमुकुटाखालील दोन ग्रंथ : सर्व्हान्तेस, स्टीफन्स आणि साष्टी

इ. स. १६०५ च्या आरंभी माद्रिद येथील ह्वान दे ला क्वेस्ता याच्या मुद्रणालयातून मिगेल दे सर्व्हान्तेस याच्या 'दोन किखोते' या कादंबरीचा पहिला भाग प्रसिद्ध झाला. मराठी वाचक तिला 'डॉन क्विक्झोट' या इंग्रजी वळणाच्या नावाने ओळखतो. त्या वेळी स्पेनच्या गादीवर तिसरा फिलिप होता आणि १५८० पासून पोर्तुगालचा मुकुटही स्पेनच्या राजाकडेच आलेला होता. गुजरातच्या बहादूरशाहाशी १५३४ मध्ये झालेल्या तहाने वसई प्रांत आणि त्यासोबत साष्टी बेट पोर्तुगिजांकडे आले होते. आजचे जोगेश्वरी याच बेटावर वसलेले आहे. तेव्हा ही कादंबरी छापली गेली त्या वर्षी तिचा लेखक आणि जोगेश्वरीच्या प्राचीन शैव लेण्याच्या परिसरातील रयत ही एकाच राजाची प्रजा होती.

तरीही सर्व्हान्तेस मराठी वाचकापर्यंत पोहोचला तो इंग्रजीच्या मार्गाने, फार उशिरा. राज्यकर्ता एक असूनही हा ग्रंथ येथील भाषेत का उतरला नाही, या प्रश्नाचे उत्तर केवळ अंतरात शोधणे पुरेसे नाही. १६०५ मध्येच लिस्बन येथे या कादंबरीच्या आवृत्त्या निघाल्या होत्या आणि गोव्याकडे येणारी जहाजे लिस्बनहूनच निघत.

यातील एक कारण राज्यव्यवस्थेत आहे. १५८१ मध्ये तोमार येथे दुसऱ्या फिलिपने पोर्तुगीज सरदारांना जी वचने दिली, त्यांनुसार पोर्तुगालचा कारभार, भाषा आणि पूर्वेकडील अधिकारपदे पोर्तुगिजांकडेच राहिली. मुकुट एक झाला. दप्तरे वेगळीच राहिली. सर्व्हान्तेसचे चरित्र या संदर्भात बोलके आहे. १५७१ च्या लेपान्तोच्या लढाईत त्याचा डावा हात कायमचा निकामी झाला. १५७५ ते १५८० अशी पाच वर्षे तो अल्जिअर्समध्ये कैदेत होता. सुटकेनंतर राजाश्रयाच्या आशेने तो पोर्तुगालमध्येही गेला. १५९० मध्ये त्याने 'इंडीज'मधील रिकाम्या पदांपैकी एखादे मिळावे म्हणून अर्ज केला. ती पदे अमेरिकेतील होती, गोवा-वसईकडील नव्हेत. तो अर्जही फेटाळला गेला.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे मानावे लागते. पोर्तुगीज भारतात मुद्रणकला १५५६ मध्ये गोव्यात आली ती धर्मप्रसारकांच्या हाती. कोणता ग्रंथ लोकभाषेत यावा याचा निर्णय मिशनच्या गरजेने होई. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने रचलेले 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. (रायतूर ज्या साष्टीत येते ती गोव्याची, मुंबईची नव्हे.) सुमारे ११,००० ओव्यांचा हा मराठी ग्रंथ पुराणाची चौकट स्वीकारतो, श्रोत्यांच्या शंका घेतो, ओवीची लय सांभाळतो. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्व्हान्तेसचा माद्रिद येथे मृत्यू झाला. त्या साम्राज्याला मराठीत काय हवे होते आणि काय नको होते, हे या दोन ग्रंथांच्या भिन्न नशिबांवरून कळते. धर्मकथेसाठी कवी, मुद्रक आणि परवानगी मिळाली. वीरकथांची थट्टा करणाऱ्या गद्यकथेचा कोणालाच उपयोग नव्हता. शिवाय त्या काळच्या मराठीत, महानुभावांच्या लीळा वगळता, अशा गद्याला जागा तरी कोठे होती? १६८४ मध्ये तर स्थानिक भाषेच्याच वापरावर बंदी घालणारा हुकूम गोव्यात निघाला. मुंबईची साष्टी मात्र १७३७ ते १७३९ च्या मोहिमेत मराठ्यांकडे आली.

सर्व्हान्तेस पुढे भारतीय भाषेत आला त्याची एक वाट महाराष्ट्रात येऊन थांबते. कार्ल टिल्डन केलर या अमेरिकी संग्राहकाच्या इच्छेवरून, ऑरेल स्टाइन यांच्या मध्यस्थीने, काश्मीरमधील पंडित नित्यानंद शास्त्री व जगद्धर झाडू यांनी १९३० च्या दशकात पहिल्या भागातील आठ प्रकरणांचा संस्कृत अनुवाद केला. त्यांच्यापुढे स्पॅनिश मूळ नव्हते. चार्ल्स जार्व्हिस याचे अठराव्या शतकातील इंग्रजी भाषांतर होते. धर्मगुरू आणि न्हावी मिळून नायकाचा ग्रंथसंग्रह तपासतात व बरीचशी पुस्तके जाळावयास देतात, ते पहिल्या भागातील सहावे प्रकरण आहे. आठव्याच्या अखेरीस सर्व्हान्तेस ऐन द्वंद्वात कथा तोडतो आणि पुढचे हस्तलिखितच उपलब्ध नाही असे सांगतो. 

हे हस्तलिखित केलरच्या संग्रहाबरोबर हार्वर्ड विद्यापीठात गेले आणि दीर्घकाळ दुर्लक्षित राहिले. द्रागोमीर दिमित्रोव्ह या भारतविद्याविदांनी त्याचा शोध घेऊन संपादन केले. २०१९ मध्ये ते प्रसिद्ध झाले सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या पाली विभागाच्या ग्रंथमालेत.