तेलबियांची सुरुवातीची वाढ व जमिनीतील ओल (जालना जिल्हा)

जालना जिल्ह्यात खरिपात सोयाबीन आणि रब्बीत करडई ही तेलबियांची ठळक पिके. त्यांच्या उगवणीचा हिशेब पावसाच्या बेरजेवर मांडण्याचा प्रघात आहे, पण तो अपुरा आहे. रोप जगणार की नाही, हे वरच्या चार-पाच सेंटिमीटर थरात पाणी आणि हवा कोणत्या प्रमाणात आहेत यावर ठरते. सोयाबीनच्या दाण्याला अंकुरण्यासाठी स्वतःच्या वजनाच्या जवळपास निम्मे पाणी शोषावे लागते. कोरड्या मातीत पडलेला दाणा काही दिवस तग धरतो. पण एका सरीवर फुगलेला दाणा पावसाचा खंड पडताच मरतो आणि दुबार पेरणी ओढवते. त्या अर्थी अर्धवट ओल कोरड्या मातीपेक्षा घातक. 75 ते 100 मिमी पाऊस होऊन वाफसा (मातीत पाणी व हवा दोन्हींचा मेळ) आल्यावरच पेरावे, ही शिफारस यातूनच आली.

मराठवाड्यात काळजी दुष्काळाची. मग जादा पाण्याची चर्चा कशाला, असा आक्षेप येतो. गोदावरी-दुधनाकाठच्या भारी काळ्या जमिनीत त्याचे उत्तर मिळते. ही माती भिजली की फुगते, भेगा बुजतात आणि मुळांना हवा मिळत नाही. मुळांवरच्या नत्राच्या गाठी नीट धरत नाहीत. चुनखडीयुक्त रानात लोहही उपलब्ध होत नाही. त्यामुळे शेंड्याची कोवळी पाने पिवळी पडतात, शिरा मात्र हिरव्या राहतात. नत्र कमी पडले तर पिवळेपणा खालच्या जुन्या पानांपासून चढतो. हा फरक न पाहता युरिया फेकणे हा नेहमीचा वायफळ खर्च. जोराच्या सरीनंतर ऊन पडले की पपडी धरते. बीजदले वर उचलणारी कोंबाची मान तिच्याखाली वाकडी होते आणि बहुधा मोडते. रुंद वरंबा-सरी पद्धतीत सरी जादा पाणी काढते आणि खंडात थोडी ओलही धरते, म्हणून दोन्ही टोकांना ती उपयोगी. भोकरदन-जाफ्राबादकडच्या हलक्या, उथळ रानात पाणी साचण्यापेक्षा ओल लवकर उडणे हेच दुखणे.

दोष बियाण्याचाच, हा दुसरा आक्षेप. 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी झाल्या. त्यात दोष बियाण्याचा किती आणि ओलीचा किती, यावर एकमत नाही. मात्र दोन कारणे वेगळी काढणेच चुकीचे. सोयाबीनचे साल पातळ. मळणीत तडकलेला दाणा गार, चिंब मातीत पाणी झपाट्याने ओढतो आणि आतल्या पेशी फाटतात. तोच दाणा वाफशावर कदाचित उगवून येतो. घरच्या बियाण्याची उगवण 70 टक्क्यांहून कमी असल्यास हा धोका आणखी वाढतो.

करडई : सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, ओसरत्या ओलीवर पेरतात. सोटमूळ खोल जाते, म्हणून दाणा ओलीला लागला की पुढे निभते. साचलेल्या पाण्यात मूळकूज.

तीळ, सूर्यफूल, जवस : क्षेत्र किरकोळ. तिळाला साचलेले पाणी सोसत नाही.