शिंपल्याची खिडकी

पिरार द लाव्हाल या फ्रेंच प्रवाशाचं जहाज १६०२ मध्ये मालदीवजवळ फुटलं. तिथली कैद, मग चितगाव, कालिकत, कोची असे हेलपाटे खात तो गोव्याला पोचला आणि १६०८ ते १६१० या काळात तिथे राहिला. गोव्यातल्या घरांबद्दल लिहिताना त्याने खिडक्यांची आवर्जून नोंद केली आहे. काच कुठेच नाही. तिच्या जागी लाकडी चौकटींत बसवलेले पातळ, गुळगुळीत शिंपले. काचेतून दिसतं तसं त्यांतून आरपार दिसत नाही, पण उजेड येतो.

हा शिंपला प्लाकुना प्लासेंटा या प्राण्याचा. उथळ खाड्यांच्या चिखलात तो आडवा पडून राहतो. वाढला की तळहाताहून मोठा होतो, पण इतका चपटा की आत जीव मावतो कसा याचं नवल वाटावं. गोव्यात झुआरीच्या मुखाशी, चिखलीच्या बाजूला तो सापडतो. त्याचं कवच जवळजवळ सगळं कॅल्साइटचं, म्हणजे चुनखडीतल्याच खनिजाचं, आणि अतिशय पातळ थरांवर थर रचून झालेलं. अमेरिकेतल्या एमआयटीच्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये त्याची चाचणी घेतली, ती खिडकीसाठी नव्हे, तर पारदर्शक चिलखताचा काही धडा मिळतो का हे पाहण्यासाठी. कवच सुमारे ८० टक्के प्रकाश आत सोडतं आणि टोचलं तरी भेग जागच्या जागी अडवतं, असं त्यांना दिसलं.

या खिडक्या पोर्तुगीजांनी आणल्या, असं सरसकट सांगितलं जातं. ते अर्धंच खरं असावं. हा शिंपला पोर्तुगालच्या किनाऱ्यावर होतच नाही. तो हिंदी महासागरातला आणि पश्चिम पॅसिफिकमधला. चीनमध्ये यांगत्सेच्या दक्षिणेकडच्या भागातही तो खिडक्यांना लावत. फिलिपिन्समध्ये स्पॅनिश अमदानीतल्या घरांना त्याच्या सरकत्या खिडक्या असत, आणि तिथे त्याला कापीझ म्हणतात. तेव्हा मूळ कल्पना कोणाची, याचा वाद मिटणारा नाही. मला वाटतं, एका गरजेला ठिकठिकाणच्या लोकांनी हाताशी होता तोच माल लावला. काच महाग होती, आणि गलबतातून महिनोन्‌महिने आणायची तर फुटायची. शिंपले खाडीत पडलेले होते.

खिडकी करायची रीत चिकाटीची. शिंपल्याची गोल कड छाटून त्याचे चौकोनी तुकडे करायचे, पट्ट्यांना खाचा पाडायच्या आणि त्या खाचांत तुकडे एकेक करून सरकवायचे. एक तुकडा फुटला तर तेवढाच बदलायचा. मोठ्या खिडकीला असे शंभराच्या वर तुकडे सहज लागतात. केप्याला १७८७ मध्ये बांधलेल्या डीनच्या वाड्यात या खिडक्या आजही पाहायला मिळतात.

मुंबईतही त्या होत्या. १७५० मध्ये इथे आलेल्या ग्रोस नावाच्या इंग्रजाने मुंबईतल्या घरांचं वर्णन करताना या खिडक्यांचं कौतुक केलं आहे. पुरेसा उजेड येतो, उन्हाची तिरीप अडते, आणि वर दिसायलाही त्या थंड वाटतात, असं त्याचं म्हणणं. मला यातलं दिसण्याबद्दलचं वाक्य महत्त्वाचं वाटतं. सोय आणि शोभा यांचा हिशेब तेव्हाही एकत्रच मांडला जात होता.

पुढे काच स्वस्त झाली आणि घरोघर आली. तिच्यातून बाहेरचं दिसू लागलं, तसं बाहेरच्यांना आतलंही. दुपारचं ऊन थेट जमिनीवर पडू लागलं. शिंपला एकटा जे काम करत होता त्यासाठी आता काच आणि पडदा अशा दोन वस्तू लागू लागल्या. आज दुकानात शिअर, ब्लॅकआउट, रोलर ब्लाइंड यांचे नमुने चाळत आपण बसतो, ते हे मोडलेलं काम पुन्हा जुळवण्यासाठीच.

अर्थात शिंपल्याचं फार कौतुकही नको. मिटली की या खिडकीतून बाहेरचं काहीच दिसत नाही, वाराही येत नाही. पावसाळ्यात खोली अंधारते, आणि जुन्या तुकड्यांचे पापुद्रे सुटतात. आज कोणी विचारलं तर मी सांगेन की पश्चिमेच्या खिडकीला काचेलगत पांढरा, विरळ विणीचा सुती पडदा लावा. उजेड तसाच मऊ होतो. मात्र उष्णता तोवर काचेतून आत आलेली असते. ती अडवायची तर पडदा पुरत नाही. छज्जा हवा, नाहीतर बाहेरच्या बाजूने बांबूची चिक. ब्लॅकआउट झोपायच्या खोलीपुरता ठीक. बैठकीत लावला की भर दुपारी दिवा लावून बसायची पाळी येते.

खऱ्या शिंपल्याची खिडकी नव्याने करावी म्हटलं, तर वाट सोपी नाही. २००१ मध्ये वन्यजीव संरक्षण कायद्याच्या यादीत या प्राण्याचा समावेश झाला, आणि ते योग्यच झालं. त्यामुळे दुरुस्तीला पाडलेल्या घरांतले जुने तुकडे जपून वापरावे लागतात. त्यांच्या जागी दुधी ॲक्रिलिकचे चौकोन बसवलेलेही दिसतात. लांबून ते खपून जातात; जवळ गेलं की सगळे एकसारखे दिसतात, आणि खऱ्या खिडकीत दोन तुकडे कधीच सारखे नसत.