दोन उद्रेकांच्या मधली सरोवरे

नांदेड आणि लातूर हे जिल्हे ज्या काळ्या पाषाणावर वसले आहेत, तो पाषाण सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हारसाच्या रूपाने थरावर थर पसरत गेला, हे सर्वश्रुत आहे. परंतु दोन उद्रेकांच्या मधल्या विश्रांतिकाळात त्या थिजलेल्या भूमीवर सरोवरे साठत, त्यांत वनस्पती व जलचर नांदत, आणि पुढच्या लाव्हारसाखाली त्यांचे अवशेष गाळासकट गाडले जात, या गोष्टीकडे आपले लक्ष क्वचितच जाते.

या अवशेषांची आरंभीची शास्त्रीय नोंद आपल्या सरहद्दीवरचीच आहे. मद्रास इलाख्याच्या लष्करातील शल्यवैद्य जॉन ग्रँट माल्कमसन यांनी निजामाच्या मुलखात, किनवटच्या बाजूस पसरलेल्या निर्मळच्या डोंगररांगेत हिंडून गाळाच्या थरांतील जीवाश्म गोळा केले. त्यांचा निबंध लंडनच्या जिऑलॉजिकल सोसायटीने १८४० साली प्रसिद्ध केला, आणि निसर्गशास्त्रज्ञ सॉवर्बी यांनी त्या संग्रहाची वर्णने लिहिताना कारा या पाणवनस्पतीच्या, जेमतेम मिलिमीटरभर आकाराच्या, सर्पिल रेषांनी वेढलेल्या फळास माल्कमसन यांचेच नाव दिले. त्याच संग्रहात दोन शिंपल्यांत मिटलेले सिप्रिस नावाचे सूक्ष्म कवचधारी जीवही होते.

या थरांचे वय हा पुढे मोठ्या वादाचा विषय झाला. पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल सहानी यांनी वनस्पतींच्या पुराव्यावरून त्यांना तृतीयक युगातले मानले. पुढे परागकण व सूक्ष्म कवचे यांच्या साक्षीने त्यांपैकी अनेक थर त्याआधीच्या क्रिटेशियस युगाच्या अखेरचे ठरले. हे काम एकट्याचे नव्हे, ते संस्थांच्या आश्रयाने चालले: सहानींच्या पुढाकाराने १९४६ साली लखनौस पुरावनस्पतिशास्त्राची संस्था उभी राहिली, त्याच वर्षी शं. पु. आघारकर यांच्या प्रयत्नाने पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनी स्थापन झाली, आणि सूक्ष्मजीवाश्म व स्तरविज्ञान या विषयांवरील दहाव्या भारतीय परिसंवादाचे निबंध १९८४ साली याच वर्धिनीने प्रकाशित केले.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारीला झालेल्या भूकंपानंतर राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे ६१७ मीटर खोल छिद्र घेतले, तेव्हा ३३८ मीटर जाडीच्या काळ्या पाषाणाखाली, म्हणजे बेसाल्टखाली, सुमारे ८ मीटरचा गाळाचा थर लागला. एका अनर्थाच्या कारणाच्या शोधात हाती आलेला हा पुरावा दाखवतो की, लातूरच्या भूमीखालीही लाव्हारसापूर्वीचा इतिहास दफ्तरबंद आहे.

विहिरी, रस्ते व खाणी यांच्या खोदाईत दोन उद्रेकांच्या मधले पांढरट चुनखडीचे व चिकणमातीचे थर उघडे पडतात आणि भरावात नाहीसे होतात. नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात भूविज्ञानाचे अध्ययन होते. तालुक्यातालुक्यांतील शिक्षकांनी व खोदाई करणाऱ्यांनी, काळ्या पाषाणाच्या मध्ये निराळ्या रंगाचा मऊ थर दिसताच, त्याची मूठभर माती, गावाचे नाव व खोली यांच्या नोंदीसह, तेथे पोहोचवावी, एवढीच विनंती आहे.