छायाचित्र ते रेषा : नेवाशाची खापरे आणि नेवाशाचा खांब

१/ कॅमेऱ्यातील छायाचित्राचे व्हेक्टर रेखाचित्र करणे हे आज संगणकाचे काम समजले जाते. परंतु दिसणाऱ्या वस्तूतून नेमकी रेषा काढण्याचा प्रश्न इतिहाससंशोधनात फार जुना आहे. प्रवरेकाठच्या नेवाशाच्या आधारे तो समजून घेऊ. #थ्रेड

२/ डेक्कन कॉलेजच्या वतीने डॉ. ह. धी. सांकळिया यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवाशाला उत्खनन केले. अश्मयुगापासून ताम्रपाषाण व सातवाहन काळ ओलांडून मुस्लिम-मराठा काळापर्यंतचा क्रम उलगडला. देव, अन्सारी व एऱ्हार्ट यांच्यासह लिहिलेला अहवाल १९६० साली प्रसिद्ध झाला.

३/ ताम्रपाषाण थरांत जोर्वे पद्धतीची खापरे मिळाली : तांबडा लेप आणि त्यावर काळी भौमितिक नक्षी. छायाचित्रात नक्षी उत्तम दिसते. मात्र भांड्याची भिंत किती जाड, काठ किती कललेला, तोंड किती रुंद, हे त्यातून कळत नाही.

४/ म्हणून पुरातत्त्वज्ञ खापराचे रेखाचित्र काढतात. काठाचा तुकडा समकेंद्री वर्तुळांच्या तक्त्यावर ठेवून मूळ तोंडाचा व्यास ठरवला जातो. मध्ये उभा अक्ष, एका बाजूस भिंतीचा काळा छेद, दुसऱ्या बाजूस बाह्यरूप. हाताएवढ्या तुकड्यातून अख्खे भांडे कागदावर उभे राहते.

५/ छायाचित्र समोरचे सर्व काही सारख्याच आस्थेने टिपते. रेषा मात्र निवड करते; प्रत्येक रेषेमागे कोणाचा तरी निर्णय असतो. या निर्णयात चूक झाली तर काय होते, हे शिलालेखात अधिक स्पष्ट दिसते.

६/ नेवाशाचा पैसाचा खांब सर्वपरिचित आहे. शके १२१२ मध्ये याच खांबाला टेकून ज्ञानेश्वरांनी गीतेवरील टीका सांगितली, अशी परंपरा आहे. त्या खांबावर संस्कृत लेख कोरलेला असून तो करवीरेश्वराला दिलेल्या दानासंबंधी आहे. भाविकांचा हा खांब अभ्यासकांसाठी एक दस्तऐवजही आहे.

७/ अशा लेखांचे पूर्वी ठसे घेत. ओला कागद दगडावर ब्रशने ठोकून बसवायचा, वाळत आला की शाईची गादी फिरवायची. खोल अक्षरे पांढरी राहतात, सपाट दगड काळा होतो. १८८८ पासून निघू लागलेल्या ‘एपिग्राफिया इंडिका’तील कितीतरी वाचने अशा ठशांवर उभी आहेत.

८/ आज कॅमेऱ्याची ‘रॉ’ फाइल घेतात. तीत सेन्सरच्या प्रत्येक बिंदूने मोजलेला प्रकाश जवळपास जसाच्या तसा असतो. १४ बिटांच्या फाइलमध्ये १६,३८४ पायऱ्या. साध्या जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ उरतात. झिजलेल्या अक्षराची पुसट सावली याच फरकात टिकते वा हरवते.

९/ प्रकाशाची दिशाही महत्त्वाची. वरून तिरपा प्रकाश टाकला तर शिरोरेखा उठून दिसते आणि काना फिका पडतो. बाजूने टाकला तर उलट. म्हणून एकच छायाचित्र पुरत नाही.

१०/ मग येते व्हेक्टर. पीटर सेलिंगर यांचे ‘पोट्रेस’ काळ्या-पांढऱ्या प्रतिमेच्या कडा शोधून त्यांच्या वक्ररेषा बनवते. ‘इंकस्केप’मध्येही तेच वापरले जाते. ‘एसव्हीजी’ फाइलमध्ये बिंदूंऐवजी या रेषांचे अंक लिहिलेले असतात. त्यामुळे अक्षर कितीही मोठे केले तरी कडा फुटत नाही.

११/ धोका इथेच आहे. ठराविक आकाराहून लहान ठिपके गाळण्याची सोय पोट्रेसमध्ये असते. मर्यादा वाढवली तर दगडाच्या खरबरीतपणासोबत अनुस्वारही जातो; कमी ठेवली तर दगडातला खळगा अनुस्वार होऊन बसतो. उभी भेग काना ठरू शकते. आणि गुळगुळीत रेषा पाहून कोणालाही शंका येत नाही.

१२/ म्हणून तीन गोष्टी सांभाळाव्यात. रॉ फाइल कधीही पुसू नये. निश्चित अक्षरे अखंड रेषेत व संशयित अक्षरे तुटक रेषेत, वेगळ्या थरावर काढावीत. प्रकाशाची दिशा नोंदवावी.

१३/ खापर संग्रहालयात ठेवता येते. उघड्यावरचा दगड मात्र दरवर्षी झिजतो. उद्या अक्षर उरले नाही, तर आपली रेषाच पुरावा ठरेल. ती कशावरून काढली, हे पुढच्या वाचकाला तपासता आले पाहिजे.