नाणेघाटातले २४,४००

शून्य भारताने दिलं, हे शाळेत आपण इतक्यांदा ऐकतो की त्याआधी लोक मोठे आकडे लिहायचे तरी कसे, हा प्रश्नच पडत नाही. मला तो पडला नाणेघाटात, आमच्या ट्रेकिंग ग्रुपमधल्या एका निवृत्त गणित शिक्षकांमुळे.

नाणेघाट म्हणजे कोकणातल्या बंदरांकडून जुन्नरला चढणारी सातवाहनांच्या काळातली व्यापारी वाट. माथ्यावर एक भला मोठा दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असं सांगतात. सगळी पब्लिक तिथे फोटो काढते आणि मग जवळच्या गुहेत जाऊन डबे उघडते. त्याच गुहेच्या भिंतींवर राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे, साधारण इसवी सनापूर्वी पहिल्या शतकातला. कोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली याची चक्क यादी! १००१ गाई, २४,४०० कार्षापण वगैरे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या लोकांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं आणि खाली पावलांच्या खुणा, बस्स.

सर म्हणाले, "काय इंजिनिअर, शून्य न वापरता २४,४०० लिहून दाखव बघू."

मी गप्प.

तिथे ते तीनच चिन्हांत लिहिलंय: २०,०००, ४,००० आणि ४००. हजाराच्या चिन्हाला चाराचं चिन्ह जोडलं की झाले चार हजार. स्थानिक किंमत नाही, त्यामुळे रिकामी जागा भरायला शून्यही लागत नाही. आपल्याला पाच अंक लागतात, त्यांचं तिनात भागलं! ग्वाल्हेरच्या मंदिरात शून्यासकट कोरलेला २७० हा आकडा इसवी सन ८७६ चा, म्हणजे बराच नंतरचा.

हे अंक १८७० च्या दशकात पंडित भगवानलाल इंद्रजींनी अभ्यासून मांडले. जुनागढचा माणूस, कॉलेजचं तोंड न पाहिलेला. पुढे हॉलंडच्या लायडन विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली. आपल्यापैकी किती जणांनी हे नाव ऐकलंय? मी तरी नव्हतं.

सरांचं म्हणणं असं, की आपण पोरांना उत्तर आधी देतो आणि त्याचा अभिमान बाळगायला लावतो, पण अडचण काय होती ते सांगतच नाही. सहल वॉटरपार्कला न नेता इथे आणा. या चिन्हांत आधी बेरीज करायला लावा, मग गुणाकार. चांगली रडकुंडीला आली की मग शून्य द्या.

परतीच्या एसटीत मी करून बघितलं. बेरजा जमल्या. १८९ गुणिले २७ ला मात्र माळशेज उतरेपर्यंत हात टेकले.