समुद्र पिणाऱ्या ऋषींच्या गावातले दगड

अकोल्यात प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचं मंदिर आहे. महाशिवरात्रीला तिथे मोठी यात्रा भरते आणि तालुक्याच्या सहकारी साखर कारखान्यालाही नाव अगस्तींचंच. महाभारताच्या वनपर्वात त्यांची कथा येते. कालेय नावाचे असुर दिवसा समुद्रात दडून बसत आणि रात्री बाहेर पडून ऋषिमुनींना मारत. देवांनी गाऱ्हाणं घातलं, तेव्हा अगस्तींनी अख्खा समुद्रच पिऊन टाकला आणि असुर उघड्यावर पडले. कथा सांगणारा पुढे असुरांच्या मागे धावतो. समुद्राचा उघडा पडलेला तळ, तिथले खडक आणि कपारी यांच्याकडे वळून बघायला त्याला सवड नसते.

घरात प्रवाळ आणि समुद्री मासे पाळू पाहणाऱ्या हौशी माणसाला मात्र सुरुवात याच कोरड्या तळापासून करावी लागते. चार फूट लांब, दोन फूट रुंद आणि दोन फूट उंच काचेच्या टाकीत साधारण साडेचारशे लिटर पाणी मावतं. लिटरमागे ३५ ग्रॅम या हिशेबाने त्यात पंधरा-सोळा किलो मीठ विरघळवलं की सह्याद्रीच्या अलीकडेही समुद्र तयार होतो. पाणी बिघडलं तर बदलता येतं, दिवा बदलता येतो, मासेसुद्धा दुसऱ्याला देता येतात. दगडांचं तसं नाही. त्यांच्यावर एकदा प्रवाळ रुजलं की मांडणी हलवणं म्हणजे सगळं मोडणंच. म्हणून दगड आधी, पाणी नंतर.

काचेच्या टाकीत दगड मांडण्याची कला अवघी पावणेदोनशे वर्षांची आहे. अकोले तालुक्यात पाण्यासाठी दगड मांडण्याचं काम त्याच्या कितीतरी आधीपासून चालू आहे. दोन्हीकडे कारागिराला पहिला प्रश्न पडतो तो एकच: पाणी अडवायचं की जाऊ द्यायचं?

रतनवाडीच्या अमृतेश्वराजवळची पुष्करणी हे त्याचं सुंदर उत्तर आहे. प्रवरेच्या उगमाजवळचं हे मंदिर परंपरेने शिलाहार राजा झंझाशी जोडलं जातं. नद्यांच्या उगमांपाशी त्याने बारा शिवालयं बांधली, असं सांगतात. मंदिरापासून थोड्या अंतरावर चौकोनी कुंड, आत उतरत जाणारे थर आणि भोवती कोनाड्यांतून विष्णूची रूपं. असं बांधकाम दिसलं की आपण सवयीने ‘हेमाडपंती’ म्हणून मोकळे होतो. हेमाद्री हा तेराव्या शतकातला यादवांचा मंत्री, आणि बिनचुन्याचं बांधकाम त्याच्या आधीपासून होत होतं. नाव चिकटलं ते चिकटलं. मुद्दा नावाचा नाही, सांध्याचा आहे. घडीव दगड एकमेकांवर असे बसवायचे की त्यांचं वजनच त्यांना धरून ठेवेल. मध्ये चुना नाही. पावसाळ्यात भिंतीमागची माती पाण्याने फुगते आणि भिंतीला आतून रेटा देते. सांधे बंद असते तर भिंत पोट काढून बाहेर आली असती. इथे पाणी सांध्यांतून पाझरून कुंडात येतं आणि भिंत सुटते.

हेच शहाणपण कुठल्याही राजाच्या नावाशिवाय डोंगरउतारावर दिसतं. महादेव कोळी आणि ठाकर शेतकऱ्यांची भातखाचरं दगडी तालींवर उभी आहेत. शेतातून निघालेला दगड, त्याची रचून केलेली भिंत, मोठ्या दगडांच्या फटीत ठोकलेल्या चिपा आणि जास्तीचं पाणी खालच्या खाचरात उतरवणारी वाट. ताल माती धरते आणि पाणी सोडते. पुरातत्त्वाच्या यादीत तिला जागा नाही. पण तालुक्यातलं सर्वांत जास्त दगडकाम बहुधा तिचंच असेल.

हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत दगड आणि पाणी यांचं नातं उलटं होतं. मधोमध भलंमोठं शिवलिंग आणि त्याच्याभोवती कमरेइतकं थंडगार पाणी. चार कोपऱ्यांना चार खांब होते, त्यांतला एकच आज धड आहे. खांब म्हणजे चार युगं, आणि शेवटचा पडला की कलियुग संपलं, असं लोक सांगतात. ट्रेकिंगला आलेली मंडळी त्या एका खांबाकडे जरा धास्तीनेच बघतात. खरं तर धास्तीचं कारण नाही. हे बांधलेलं छत नव्हे, डोंगर कोरून काढलेली पोकळी आहे. इथे खांबांनी छत उचललेलं नाही. डोंगर आधीच होता, खांब त्यातून मागाहून सुटे केले. तीन तुटले तरी छत जागच्या जागी आहे ते यामुळेच. याच गडावर चांगदेवांनी ‘तत्त्वसार’ लिहिल्याची नोंद आहे. लिहायला जागा त्यांनी चांगली निवडली.

एकसंध खडकाची ही चैन रचणाऱ्याला नसते. त्याला सुटे दगड जोडावे लागतात आणि जोडायला काहीतरी लागतं. भंडारदऱ्याला इंग्रजांनी जे केलं ते या अर्थाने पुष्करणीच्या अगदी उलट होतं. १९१० मध्ये प्रवरेवर धरणाचं काम सुरू झालं आणि १९२६ मध्ये पूर्ण झालं. तेव्हाचे मुंबईचे गव्हर्नर लेस्ली विल्सन यांचं नाव भिंतीला मिळालं आणि अभियंता आर्थर हिल यांचं जलाशयाला. पाचशे मीटरहून जास्त लांब आणि सुमारे ८२ मीटर उंच अशी ही भिंत काळ्या दगडाची, चुन्यात बांधलेली. तिच्यामागे सुमारे ११ टीएमसी पाणी साठतं आणि ते कालव्यांनी खाली, उसाच्या मुलखात जातं. वरच्या आदिवासी गावांच्या वाट्याला जलाशयाचा काठ आला. इथे प्रत्येक सांधा बंद हवा होता, कारण पाणी थांबवायचं होतं.

पण थांबवलेलं पाणी स्वस्थ बसत नाही. १९६९ मध्ये भिंतीला तडे गेले, गळती वाढली, साठा कमी करावा लागला. पुढच्या काही वर्षांत भिंतीच्या पाठीला दगड-काँक्रीटचे टेकू देऊन ती मजबूत केली गेली. याच धरणाच्या एका मोरीतून सोडलेलं पाणी खालच्या गोलसर खडकावरून पसरत पडतं, तेव्हा त्याचा छत्री धबधबा होतो. एरवी हिशेबी असलेल्या या बांधकामातली ती एकमेव हौस म्हणायची.

आता चुन्याची गंमत बघा. धरणाचे दगड ज्याने सांधले तो चुना म्हणजे भाजलेला कॅल्शियम कार्बोनेट. प्रवाळाचा सांगाडाही कॅल्शियम कार्बोनेटचाच. समुद्राच्या पाण्यातून कॅल्शियम घेऊन हा इवलासा जीव स्वतःचं घर बांधतो. गवंडीही तोच आणि चुनाही त्याचाच. किनाऱ्यावरच्या माणसाने हे फार पूर्वी ओळखलं होतं. कोकणात शिंपल्या भाजून चुना काढत, तर मन्नारच्या आखातात प्रवाळाचे दगडच खणून घरांना आणि चुनाभट्ट्यांना वापरले गेले.

हे घर काचेत जिवंत ठेवण्याचा पहिला लक्षात राहिलेला प्रयत्न एका बाईचा आहे. १८४६ मध्ये ॲना थिन यांनी इंग्लंडच्या टॉर्की किनाऱ्यावरून दगडी प्रवाळ लंडनला नेलं. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज उघड्या खिडकीशी उभी राहून ते पाणी अर्धा-पाऊण तास या भांड्यातून त्या भांड्यात ओतत असे. श्रेय मालकिणीला मिळालं, हात मात्र मोलकरणीचे दुखले. १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यगृह उघडलं, पुढच्या वर्षी फिलिप गॉस यांचं मत्स्यालयावरचं पुस्तक आलं आणि दिवाणखान्यात समुद्र ठेवण्याचं वेड पसरलं. त्या वेडाने किनाऱ्यावरच्या खडकांमधली डबकी ओरबाडून काढली, ही खंत गॉस यांच्या मुलानेच पुढे लिहून ठेवली आहे.

तेव्हा दगड होता तो शोभेपुरता. तो टाकीचं काम करतो, हे कळायला आणखी शतक लागलं. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी समुद्रातून काढलेले जिवंत दगड आणि हवेचे बुडबुडे एवढ्यावर टाकी चालवून दाखवली. अशा सच्छिद्र दगडाच्या वरच्या थरातले जीवाणू माशांनी सोडलेल्या अमोनियाचं नायट्रेट करतात. आत खोलवर, जिथे प्राणवायू कमी असतो तिथले दुसरे जीवाणू त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू करून सोडतात. दगड म्हणजेच गाळणी. पुढे बर्लिनच्या हौशी मंडळींनी त्याला फेस काढणारं यंत्र आणि प्रखर दिवे जोडले आणि ती पद्धत जगभर गेली. सुरुवातीला लोक मागच्या काचेला टेकवून दगडांची भिंतच रचत. भिंतीमागे प्रवाह पोचत नसे, घाण साचे आणि वर्षा-दोन वर्षांत पाणी बिघडे. आता दगड कमी, फटी जास्त. चारही काचांपासून खरवडणीचा हात फिरेल एवढं अंतर, कमानी, मोकळ्या गुहा आणि प्रवाळ वाढेल म्हणून आधीच सोडलेली रिकामी जागा. दगड वाळूवर नव्हे, तळाच्या काचेवर टेकवायचे आणि वाळू नंतर ओतायची. नाहीतर वाळू उकरणारे मासे पायाच काढून घेतात. सुटे दगड सळईने आणि सिमेंटने जोडून एक केले जातात, म्हणजे केदारेश्वरासारखी एकसंधता उसनी आणायची.

महाराष्ट्राला समुद्राचं काचेतलं दर्शन घडवलं ते मुंबईच्या तारापोरवाला मत्स्यालयाने. मरीन ड्राइव्हवर १९५१ मध्ये राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते ते उघडलं आणि पुढे कितीतरी गावांच्या शाळांच्या सहलींनी मासे तिथेच पाहिले. घरात प्रवाळ ठेवायचं मात्र भारतात सोपं नाही. २००१ मध्ये सगळी दगडी प्रवाळं, काळं प्रवाळ आणि समुद्रपंखे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेले, म्हणजे वाघाच्या रांगेत. मालवणच्या समुद्रात, जिथे १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, बुडी मारून प्रवाळाचा तुकडा खिशात घालणं हा साधा चावटपणा नव्हे, गुन्हा आहे. त्यामुळे इथल्या माणसाने सुरुवात मेलेल्या, कोरड्या, नाहीतर कारखान्यात बनवलेल्या दगडापासून करावी आणि जीवाणू रुजायला काही महिने द्यावेत, हेच बरं.

मग अकोल्याचा काळा दगड चालेल का? लाव्हाच्या थरांतून साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झालेला हा बेसाल्ट घट्ट आणि जड आहे. त्याला प्रवाळाच्या दगडासारखी छिद्रं नाहीत, त्यामुळे जीवाणूंना जागा थोडी, आणि त्यात लोहही असतं. पायाला एखादा दगड ठीक; सगळी मांडणी त्याची करू नये. बेसाल्टच्या पोकळ्यांत सापडणारी झिओलाइटची स्फटिकं मात्र गोड्या पाण्यातला अमोनिया शोषतात आणि मत्स्यालयाच्या दुकानांत झिओलाइट गाळणीसाठी विकलं जातं.

कुणाला करून बघायचंच असेल, तर टाकीच्या मापाचा पुठ्ठा जमिनीवर अंथरून दगड आधी त्यावर कोरडेच मांडावेत, चार दिवस येता-जाता बघावेत आणि मगच काचेत उतरवावेत. दगड विकत आणावेत. रतनवाडी आणि हरिश्चंद्रगड दोन्ही कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहेत, आणि तिथून दगड उचलून आणायला बंदी आहे.